कळंब्याच्या काठावरची लिंबं

दिन्या,

तुझ्या शोकसभेत एका सद्गृहस्थांनी तुला मितभाषी म्हटलं. मी मागच्या रांगेत होतो. हसू आवरेना म्हणून रुमाल तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतोय, आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातानं मग खरंच रडू आलं. म्हणजे मेल्यावरसुद्धा तू माझी फजिती केलीसच.

मितभाषी म्हणे. कळंबा तलावाच्या या काठाला तू बोललास की त्या काठाला कपडे धुणाऱ्या बायका मान वर करून बघायच्या. तुझं शिक्षण, नोकरी, विद्यार्थी हे सगळं सभेत सांगून झालंय, ते मी परत उगाळत नाही. मला फक्त आपल्या पैजेचा निकाल सांगायचाय. मे महिन्यात आपण दोघांनी मिळून बाभळीखालचा खड्डा खणायचा असं ठरलं होतं. तू मार्चमध्येच गेलास. खड्डा मी खणला. फिल्मही धुतली, मोजली. आता निकाल हातात आहे आणि ज्याच्याशी भांडायचं तोच नाही, ही काय रीत झाली?

तुला आठवतं ना हे कसं सुरू झालं? माझी शैला जाऊन वर्ष झालं होतं. निवृत्त झालो होतो, मुलगी सासरी, आणि मी दिवसभर टीव्हीसमोर बसून कुठल्या तरी देशातलं क्रिकेट बघत होतो. तू स्कूटरवरून आलास, टीव्ही बंद केलास आणि म्हणालास, "प्रभ्या, हातपाय हायत न्हवं जाग्यावर? मग ऊठ की." मी विचारलं, कशाला. तू म्हणालास, "कळंब्याचा मुरूम मोजायचा हाय." मला वाटलं तुझं डोकं फिरलं.

आयुष्यभर कॉलेजात आपली दोघांची खाती शेजारीशेजारी. मी पदार्थविज्ञान शिकवायचो, तू भूगर्भशास्त्र. मधे एक भिंत आणि भिंतीत एक दार, आणि त्या दारातून तू रोज येऊन सांगायचास की तुमचं शास्त्र म्हणजे नुसते आकडे, हाताला काही लागत नाही. आणि आता म्हणे तुला माझ्या शास्त्रातला रेडॉन मोजायचा होता, तुझ्या शास्त्रातल्या वाळूत. मी कारण विचारलं तर तू म्हणालास, "आजवर कुणी मोजलं न्हाय म्हणून. आणि तू घरात बसून आंबायला लागलायस म्हणून." दुसरं कारण खरं होतं. ते मला तेव्हाही कळलं होतं, पण तसं म्हणायची आपल्यात पद्धत नव्हती. आज म्हणतो. तू मला त्या खुर्चीतून उठवलं नसतंस तर मी तिथंच संपलो असतो.

काम तसं सोपं होतं. दगडमातीत युरेनियमचा अगदी किंचित अंश असतो, त्यातून रेडॉन हा वायू निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. डब्याच्या तळाला आतून नखाएवढी खास प्लास्टिकची फिल्म चिकटवायची, काठाच्या वाळूत हातभर खड्डा करून डबा उपडा ठेवायचा, वरून झाकायचा आणि तीन-चार महिने त्याला विसरून जायचं. वायू डब्यात चढतो आणि फिल्मवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पाडतो. मग ती फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवली की ओरखड्यांची बारीक भोकं होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ती मोजायची. भोकं जास्त तर रेडॉन जास्त. उन्हाळ्याकडं तलावाचं पाणी मागं सरकलं की काठ उघडा पडतो, तेव्हा डबे पुरायचे, आणि पाणी चढायच्या आत काढायचे.

पहिल्याच दिवशी भांडण. मी डब्यावर 'वाळू' असं लिहिलं, तू ते खोडून 'मुरूम' लिहिलंस. मी म्हटलं, ओढ्यानं आणलेली बारीक वाळू आहे ही. तू मूठभर घेऊन माझ्या नाकाशी धरलीस. "ह्याला वाळू म्हणायला लागलास तर भाकरीला पाव म्हणशील." शेवटी त्या डब्यावर दोन्ही शब्द राहिले आणि दोन्ही खोडलेले राहिले.

आणि ते सगळे डबे महिन्याभरात गायब झाले. आपण काठानं येड्यासारखे फिरत होतो. मग तूच म्हणालास, दमलोय, भजी खाऊ. आणि गाड्यावरच्या मावशीनं मिरचीच्या भज्यांबरोबर तिखटमीठ काढलं ते आपल्याच डब्यातून. आत तळाला आपली फिल्म तशीच चिकटलेली. मी बोलायला तोंड उघडलं तर तू माझा पाय दाबलास, दोन प्लेट भजी खाल्लीस, आणि उठताना मावशीला म्हणालास, "मावशी, तिखट भारी हाय, पण जरा रेडॉन कमी पडलाय." ती म्हणाली, उद्या घालते.

लिंबांची युक्ती त्यानंतरची. दुसऱ्या वर्षी डबे पुरून झाले आणि तू खिशातून लिंबं काढलीस. अर्धी कापलेली, कुंकू भरलेली. प्रत्येक खड्ड्यावर एकेक ठेवत निघालास. मी तुला अडवलं. आपण जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं, आणि तू तलावाकाठी उतारा टाकतोयस? कुणी विद्यार्थ्यानं बघितलं तर? तू शांतपणे म्हणालास, "मग मुरमाला कुलूप लावतोस व्हय?" त्या वर्षी एकाही डब्याला कुणी बोट लावलं नाही. मी त्यानंतर दरवर्षी लिंबांचा निषेध केला आणि दरवर्षी मंडईतून लिंबं मीच आणली.

त्या फिरायला येणाऱ्या आजोबांनी आपल्याला रंगेहाथ पकडलं तो दिवस मी कधी विसरणार नाही. "चांगल्या घरातली दिसतासा, आन् करणी करतासा?" तू त्यांना दगडावर बसवलंस आणि सगळं समजावून सांगितलंस. युरेनियम, वायू, फिल्म, काही सोडलं नाहीस. आजोबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे जमिनीतनं कायतरी येतंय, ते दिसत न्हाय, वास न्हाय, आन् तुमी त्याला डब्यात धरतासा. मग मी दुसरं काय म्हणालो?" त्या दिवसापासून ते पलीकडच्या काठानं फिरायला लागले. तू मात्र घरी जाईपर्यंत हसत होतास, स्कूटर हलत होती, मागं मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

आकडे तसे नीरस येत होते. डब्यांना आपण जागेवरून नावं ठेवली होती. ओढ्याचा, धुण्याच्या दगडाचा, तुरुंगाच्या अंगाचा. सगळीकडे रेडॉन अगदी कमी. तू खूश. "आपला काळा दगड हाय मर्दा. ह्यात असलं काय बी न्हाय." जणू सह्याद्रीचा सगळा कातळ तूच घासूनपुसून ठेवला होतास.

आणि मग बाभळीखालचा डबा निघाला. सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि मी खुर्चीतच सरळ झालो. बाकीच्या फिल्मवर भोकं शोधावी लागत होती, हिच्यावर चाळणी झाली होती. मी तुला आकडा सांगितला. तू वर न बघता म्हणालास, "परत मोज."

हे तुझं नेहमीचं. कुठलाही आकडा सांगितला की पहिलं उत्तर तेच. बरोबर असो, चूक असो, तुझ्या मनासारखा असो, नसो. शिक्षकांच्या पगारवाढीचा आकडा सांगितला तेव्हाही तू परत मोज म्हणाला होतास. मी मोजलं, तेवढंच. मग तू मोजलंस, तेवढंच. मग तू जाहीर केलंस की फिल्म खराब आहे.

पुढच्या वर्षी त्याच बाभळीखाली नवी फिल्म, तीच चाळणी. तू म्हणालास, बाभळीच्या मुळांनी माती पोकळ केलीय. मी म्हटलं, चल खणून बघू. तू म्हणालास, "खणलं की माती मोकळी होती, आकडा बिघडतो. आधी अजून एक फिल्म, मग खणू." त्यात तुझं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. तिथंच उभ्या उभ्या पैज लागली. तुझं म्हणणं, या काठाच्या दगडात इतका रेडॉन असूच शकत नाही. माझं म्हणणं, फिल्म खोटं बोलत नाही.

पैज काय लावायची हे तूच ठरवलंस, आणि जिथं दुखतं तिथंच बोट ठेवलंस. मी हरलो तर तुझ्या चांदीला नदीवर नेऊन घासून आंघोळ घालायची. कपाळावर पांढरा चांद असलेली ती तुझी म्हैस, आणि मी पेठेत वाढलेला, म्हशीपासून चार हात लांब राहणारा माणूस. ती एकदा माझ्याकडं बघून नुसती फुसफुसली होती तर मी तुमच्या कट्ट्यावर चढून बसलो होतो, आणि ती गोष्ट तू गावभर सांगितली होतीस. मग मीही सोडलं नाही. तू हरलास तर गंगावेशीच्या दूध-कट्ट्यावर, जिथं समोरच म्हैस पिळून देतात, तिथं उभं राहून धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावायचा, सगळ्यांसमोर, फेसासकट. कसबा बावड्यात पिढ्यान्‌पिढ्या म्हशी पाळणाऱ्या घरात जन्मलास आणि दुधाच्या वासानं तुला मळमळायचं. काळा चहा प्यायचास आणि पाहुण्यांना सांगायचास की डॉक्टरांनी सांगितलंय. कुठल्या डॉक्टरनं रे?

या वर्षीचे डबे आपण जानेवारीअखेर पुरले. बाभळीखाली तू स्वतः गुडघ्यावर बसलास, उठताना माझा हात मागितलास. पहिल्यांदाच मागितलास. मी तेव्हा तुझी चेष्टा केली, तूही माझी केलीस, आणि आपण भजी खायला गेलो. शेवटचा फोन तुझाच. म्हणालास, "मे महिन्यात खणायचं. कुदळ तू आण, माझी मोडलीय. आणि दुधाचं काय ते विसर." मी म्हटलं, दुधाचं मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू हसलास. दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला.

मला वाटलं होतं आता हे सगळं राहिलं. डबे तिथंच पाण्याखाली जातील, जाऊ देत. मे उजाडला तरी मी कुदळ काढली नव्हती. एका सकाळी दारात रिक्षा थांबली आणि वहिनी उतरल्या, हातात खुरपं. "भावजी, डबं काढायचं न्हवं का? पाणी चढलं म्हंजे?" मी म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेता. तर म्हणाल्या, "इतकी वर्सं लिंबात कुंकू मी भरून देत होते. ती कुठं जात्यात ते एकदा बघायला नको व्हय?"

दिन्या, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं तूच ती कापतोस.

लिंबं सगळी जागेवर होती. वाळून काळी, सुपारीएवढी झालेली. वहिनी प्रत्येक खड्ड्यापाशी बसल्या, आधी लिंबू उचलून पिशवीत टाकलं, मग खुरप्यानं इतक्या हलक्या हातानं डबा मोकळा केला की तू बघितलं असतंस तर जन्मात पहिल्यांदा गप्प बसला असतास. मधेच थांबून विचारत होत्या, "हितं बसून काय करायचासा दोघं?" मी म्हटलं, भांडायचो. "घरातबी तेच करायचे," म्हणाल्या, आणि आम्ही दोघं हसलो. तू गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

बाभळीखालचा डबा काढून मी फिल्म पाकिटात ठेवली आणि मग कुदळ घातली. वरचा मुरूम गेला. हो, मुरूमच, घे लिहून. त्याच्याखाली करड्या रंगाची मऊ भुकटी लागली, आणि मग कुदळ खणकन वाजली. दगड वर काढला. वहिनींनी पदरानं पुसला तर एक बाजू आरशासारखी चकचकीत. लाल, त्यात काळे-पांढरे ठिपके. "हे तर ओट्याचं हाय की," त्या म्हणाल्या. खणत गेलो तसे अजून निघाले. सरळ कापलेल्या कडांचे तुकडे, एकाला तर सिंकसाठी पाडलेली गोलाई. स्वयंपाकघरांच्या ओट्यांचा ग्रॅनाइट. राज्याच्या सीमेपलीकडून आलेला, इथं कापलेला, आणि उरलेले तुकडे भुकटीसकट कुणीतरी कधीतरी बाभळीखाली टाकलेले. वर्षानुवर्षं ओढ्यानं त्यावर मुरूम आणून पसरला, आणि त्यावर आपण डबा पुरला आणि लिंबू ठेवलं. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम आपल्या काळ्या दगडापेक्षा कितीतरी जास्त असतं, हे तूच पोरांना शिकवायचास.

मी तिथं बसलो आणि इतका हसलो की वहिनी घाबरल्या. मग त्यांना सांगत सांगत परत हसलो. इतका आनंद मला किती दिवसांत झाला नव्हता. दोन वर्षं जो प्रश्न छळत होता तो हातात होता, वजनदार, एका बाजूनं गुळगुळीत. आणि पहिला विचार मनात आला तो असा की फोन लावावा. खिशात हात गेलासुद्धा. कुणाला लावणार होतो?

फिल्म धुतली. परत तीच चाळणी. फिल्म खरं बोलत होती, म्हणजे मी जिंकलो. चांगले दोन दिवस मी जिंकलेला होतो. मग तिसऱ्या दिवशी दाढी करताना तुझा आवाज कानात आला, अगदी स्पष्ट, "प्रभ्या, तो दगड काठाचा हाय व्हय? पावणं हाय ते. कुणीतरी आणून टाकलंय. मी म्हणालतो काय? ह्या काठाच्या दगडात न्हाय म्हणालतो. मग?" ब्लेड हातात धरून मी आरशासमोर तुझ्याशी भांडत होतो आणि हरत होतो. तुझंही खरं होतं. दोघंही जिंकलो, म्हणजे आपल्या हिशेबानं दोघंही हरलो.

म्हणून काल पहाटे मी बावड्याला आलो. वहिनींना म्हटलं, चांदीला सोडा, नदीवर नेतो. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी विमान चालवतो म्हणालो. तुझा धाकटा भाऊ सोबत आला, मला सांभाळायला की म्हशीला, ते विचारलं नाही. पाण्यात उतरलो, कमरेपर्यंत. नारळाच्या काथ्यानं तिची पाठ घासली, पोट घासलं, शिंगं घासली. तिनं एकदा शेपटी मारून मला डोक्यापासून भिजवलं, तेवढंच. मग डोळे मिटून उभी राहिली. लेका, ती किती गरीब आहे, आणि तू मला इतकी वर्षं काय काय सांगत होतास. तुझा भाऊ काठावर बसून फोटो काढत होता. ते आता गावभर फिरतील. फिरू देत.

परत आल्यावर वहिनींनी माझ्यासमोरच धार काढली. मी म्हटलं, एक पेला दिनकरला द्या, पैजेचा आहे. त्यांनी फेसासकट पेला भरला आणि तुझ्या फोटोपुढं ठेवला. "जन्मभर न्हाय म्हणाले," त्या म्हणाल्या, "आता प्या म्हणावं गुमान." मी ओल्या कपड्यांनी तुझ्यासमोर पाटावर बसलो आणि तुला सगळा निकाल सांगितला. मोठ्यानं, आकड्यांसकट, तुला सांगायचो तसाच. बाकीचे डबे कमी, बाभळीचा जास्त, खाली ग्रॅनाइट, तुझं खरं, माझंही खरं.

सांगून झालं आणि मी थांबलो. सवयच ती. आकडा सांगितला की तुझ्यासाठी थांबायचं. दुधाचा फेस हळूहळू बसत होता. तू काही बोलला नाहीस. शोकसभा झाली, दहावा झाला, तेरावा झाला, पण तू गेलास हे मला काल त्या पाटावर कळलं. मी मान खाली घालून बसलो.

मागं वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मग स्वयंपाकघराकडं बोट करून म्हणाल्या, "भावजी, आमचा ओटाबी त्याच दगडाचा हाय. त्याचं काय?" मी डोळे पुसून म्हटलं, घाबरायचं काही नाही वहिनी, सगळ्या कोल्हापुरात तेच ओटे आहेत, खिडकी उघडी असते, वारा घेऊन जातो. त्यांनी ओट्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ते सगळं खरं," त्या म्हणाल्या, "पर परत एकदा मोजा की."

मी तुझ्याकडं बघितलं, तुझ्या पुढ्यातला पेला उचलला आणि एका दमात पिऊन टाकला. आज सकाळी एक नवी फिल्म कापली आहे. डबा शोधतोय.